आठवीतल्या पोराच्या हातात किल्ली

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे कराडला मामांकडे जमलो होतो. जेवणं झाली, पानं लावून झाली आणि मामांनी धाकट्या मुलाचं कौतुक काढलं. पोरगा दहावीत आहे. गणितात चांगला आहे, तबल्याच्या परीक्षा देतो. पण मामांचा विषय वेगळाच होता. "आठवीपासून गाडी चालवतोय आमचा पठ्ठ्या. परवा साताऱ्याहून येताना पूर्ण हायवेला हाच होता. मी शेजारी चक्क झोपलो!" सगळे हसले. मावशी म्हणाली, "हात बसलाय हो त्याचा."

मग मामा माझ्याकडे वळले. "उद्या तू पुण्याला निघशील ना, तेव्हा उंब्रजपर्यंत याला चालवू दे. तुझी ऑटोमॅटिक आहे, तीही शिकून होईल. येताना एसटीने येईल तो."

मी नाही म्हणालो. "मामा, लायसन्स नाही त्याचं. अठरा पूर्ण होऊ द्या, मग शिकवतो."

लग्नघरात अभद्र बोलल्यासारखी शांतता पसरली. मामांनी पान गालात सरकवलं आणि विचारलं, "तू कधी शिकलास रे?"

आठवीत. याच अंगणात, याच मामांच्या स्प्लेंडरवर. मागे मामा बसायचे आणि पुढे मी, पाय जेमतेम टेकायचे. त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री गादीवर पडल्यावर सुचलं, पण तोवर सगळे झोपले होते. म्हणून इथे लिहितोय.

पोर्शे आणि आपली अॅक्टिव्हा

१९ मे २०२४ ची रात्र बहुतेकांना आठवत असेल. पुण्यात कल्याणीनगरला रात्री अडीचच्या सुमारास एका भरधाव पोर्शेने मोटारसायकल उडवली. मोटारसायकलवरचे दोघंही मूळचे मध्य प्रदेशातले, दोघंही चोवीस वर्षांचे इंजिनियर. पोर्शे चालवणारा सतरा वर्षांचा होता, आणि पोलिसांचं म्हणणं असं की तो पबमधून दारू पिऊन निघाला होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. जामिनाच्या अटींमधली एक अट अशी की त्याने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा.

त्या निबंधाने देश पेटला. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मेलेले दोघं आमच्यासारखे होते, आमच्याच वयाचे, बाहेरून नोकरीसाठी पुण्यात आलेले, वीकेंडला रात्री मित्रांना भेटून घरी निघालेले. मीही तावातावाने लिहिलं. बिल्डर, पैसा, माज, सिस्टिम हे सगळे शब्द वापरून झाले.

राग खरा होता. पण त्या रागात एक सोयही होती. गुन्हेगार आपल्यापासून कोटभर रुपये लांब होता. पोर्शे आपल्याकडे नाही, म्हणजे हा प्रश्नही आपल्याकडे नाही.

आता त्या रात्रीचे सुटे भाग करून बघू. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात गाडी. ती घरातूनच मिळालेली. गाडीचे कागद अपुरे, कारण कायमस्वरूपी नोंदणीची १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती, असं परिवहन खात्याने तेव्हा सांगितलं. ज्या राज्यात बिअरसाठी २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, तिथे सतरा वर्षांच्या मुलाला टेबलावर दारू मिळाली असा आरोप. मग ड्रायव्हरने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून दबाव आणल्याचा आरोप. मग ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक, आईवडिलांना अटक. प्रकरण कोर्टात आहे, कोण दोषी ते कोर्ट ठरवेल.

यातला कुठला भाग आपल्या घरात नाही? सकाळी सात वाजता कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या किंवा क्लासच्या बाहेर उभं राहा. अकरावी-बारावीच्या मुलांच्या गाड्यांनी फुटपाथ भरलेला असतो. कायदा सांगतो की सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालवता येते. तशी पेट्रोलची गाडी आज दुकानात जवळजवळ मिळत नाही. अॅक्टिव्हा ११० सीसीची आहे. म्हणजे फुटपाथवरची ती रांग जवळपास सगळीच्या सगळी बेकायदेशीर आहे, आणि ती प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या आईवडिलांनी विकत घेतलेली आहे.

"पोलिसांनी अडवलं तर काकांना फोन लाव" हे वाक्य तुमच्या घरात कुणी म्हटलं नाही? पीयूसी संपून वर्ष झालं, तरी "बघू" म्हणणारे कुणी नाहीत? शंभर-दोनशेत सुटलो याचा किस्सा कुणी हसत सांगितला नाही? सेटिंग हा शब्द आपल्याला पोर्शेवाल्यांनी शिकवलेला नाही. त्यांच्याकडे फक्त सेटिंगचं बजेट मोठं असतं.

आपण नक्की काय शिकवतो?

"पोराला गाडी शिकवली" म्हणजे आपण काय केलेलं असतं? क्लच हळू सोडायचा, गियर टाकायचा, हॉर्न वाजवायचा, गाडी बंद न पाडता चढ चढवायचा. थोडक्यात, यंत्र कसं हलवायचं ते शिकवतो. हे कुणीही आठवड्यात शिकतो. आठवीतला मुलगा तर दोन दिवसांत शिकतो, कारण त्याचे हातपाय आपल्यापेक्षा चपळ असतात. मग आपण म्हणतो, काय हात बसलाय!

गाडी चालवणं मात्र हातात कमी आणि डोक्यात जास्त असतं. उभ्या एसटीच्या पुढून माणूस पळत येऊ शकतो, हे एसटी दिसल्याबरोबर सुचावं लागतं. समोरच्या रिक्षाचं पुढचं चाक जरासं वळलं की ती इंडिकेटर न देता वळणार, हे कळावं लागतं. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा असतो, हे माहीत असावं लागतं. आणि मागे बसलेले तीन मित्र "दाब, दाब" म्हणत असताना न दाबण्याइतकं मन घट्ट असावं लागतं. मेंदूचा जो भाग धोका तोलतो आणि मोह आवरतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सोबत मित्र असले की या वयातली मुलं जास्त धोका पत्करतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. प्रयोग कशाला, कॉलेज रोडवरची कुठलीही ट्रिपल सीट बघा.

माझं स्वतःचं लायसन्स कसं निघालं ते सांगतो. टू-व्हीलरच्या वेळी एजंट म्हणाला, "आठ काढायचा, पाय टेकायचा नाही, बास." मी आठ काढला. फोर-व्हीलरच्या वेळी शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे सर होते, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि आम्ही मिळून दोनशे फूट गेलो. साहेबांनी हात केला, झालं. चौकातल्या गोलाला आधी कुणी जायचं, साठच्या वेगाला गाडी थांबायला किती जागा लागते, आरशात न दिसणारा कोपरा कुठला, यातलं एकही मला कुणी विचारलं नाही. हे सगळं मी नंतर शिकलो, म्हणजे इतरांच्या जिवावर शिकलो. त्यात कुणी मेलं नाही हे माझं नशीब आणि त्यांचंही.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये लायसन्सचे टप्पे केले. सोळाव्या वर्षी शिकाऊ लायसन्स मिळतं, पण शेजारी किमान दोन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. मग मधलं लायसन्स. त्यावर एकट्याने चालवता येतं, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही आणि मित्रांना बसवून नाही. वीस वर्षांच्या आत दारूची मर्यादा शून्य. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी पोरं मरतात, रात्र, मित्र आणि दारू, त्या तिन्ही सुरुवातीला काढून घेतल्या. गाडी हळूहळू हातात दिली.

आपल्याकडे दोनच अवस्था आहेत. सतरा वर्षं अकरा महिने, तेव्हा सगळंच बेकायदेशीर, म्हणून सगळंच चालतं. अठरा वर्षं आणि आठचा आकडा, मग रात्री दोन वाजता पाच मित्र घालून हायवेला जायला मोकळे.

"आम्हाला कुठे काय झालं?"

मामांचा प्रश्न हाच होता. तू आठवीत शिकलास, तुला काय झालं? आम्ही सगळे असेच शिकलो, आम्हाला काय झालं?

आमच्या धंद्यात याला उत्तर आहे. टेस्टर येऊन सांगतो, प्रोग्रॅम क्रॅश होतोय. डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." हे वाक्य प्रत्येक टीममध्ये चेष्टेचा विषय असतं, कारण प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालायचा नसतो, लोकांच्या मशीनवर चालायचा असतो. आम्हाला काहीच झालं नाही, हे भाऊबीजेच्या पंगतीत बसलेले सांगतात. ज्यांना झालं ते पंगतीत नसतात.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या एकूण मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांचा आकडा पन्नास हजार आहे. एकशे अडुसष्ट हजारांना दिवसांनी भागा. रोज साधारण ४६० माणसं होतात. एवढी माणसं घेऊन रोज दोन विमानं पडत असती तर आपण विमानाची तिकिटं काढली असती का?

साठ मिलिलिटरचं गणित

आता दारूकडे येतो. इथे माझ्या वयाच्या वाचकांशी बोलायचंय, कारण अल्पवयीन पोरांच्या आईवडिलांना शिव्या घालणं आपल्याला सोपं जातं.

भारतात कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. कागदावर आपण इंग्लंडपेक्षा कितीतरी कडक आहोत. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती? एका लार्ज पेगमध्ये ६० मिलिलिटर व्हिस्की, तीत साधारण ४३ टक्के अल्कोहोल. म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात ते पसरलं की रक्तात साधारण ४० मिलिग्रॅम होतं. माणसागणिक, जेवणागणिक थोडं कमीजास्त होईल, पण ढोबळ हिशोब हा आहे. "एकच घेतलाय" म्हणणारा माणूस बहुधा मर्यादेबाहेर असतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगचा आकडा आणखी वर जातो. आणि "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. हिशोब करून बघा.

शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या चालीने काढून टाकतं. ही चाल लिंबू पाण्याने, ब्लॅक कॉफीने, तोंडावर पाणी मारल्याने किंवा ओकल्यावर "आता मोकळा झालो" म्हटल्याने वाढत नाही. रात्री बारापर्यंत तीन लार्ज घेतलेला माणूस सकाळी सहाला आंघोळ करून ऑफिसला निघतो तेव्हाही तो मर्यादेच्या आसपासच असू शकतो.

बाकीचं गणित शाळेतलं आहे. ताशी साठ किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. माणूस त्या आठ मीटरांत कुठेतरी उभा असतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते.

हे सगळं आम्हाला इंजिनियरिंगला येत होतं. परीक्षेत सोडवलं होतं. तरी झालं ते असं.

किल्ली माझ्या गाडीची होती

थर्ड इयरला सबमिशन संपल्यावर आम्ही आठजण गावाबाहेरच्या ढाब्यावर बसलो होतो. पावसाळा होता. रात्री साडेअकराला सिगरेटी संपल्या. एक मित्र म्हणाला, "आणतो." त्याने माझ्याएवढीच प्यायली होती. माझी गाडी जवळ लावलेली होती. मी खिशातून किल्ली काढून टेबलावर टाकली. टाकताना म्हणालो, "सांभाळून रे." मागे आमच्या बॅचचा दुसरा एकजण बसला. त्याने थेंबही घेतला नव्हता, त्याचा चातुर्मास होता.

दीड किलोमीटरवर वळण आहे. चालवणाऱ्याचं मनगट मोडलं. मागे बसलेला कमरेखाली कायमचा गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. रस्ता ओला होता, वळण होतं, वेग जास्त होता, असं लिहिलं गेलं. चालवणाऱ्याचं रक्त कधी घेतलं गेलं की नाही, मला आजही माहीत नाही. मला एका पोलिसाने विचारलं, "गाडी तुझी?" मी हो म्हणालो. "लायसन्स आहे ना दोघांकडे?" मी हो म्हणालो. दारूबद्दल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आठातल्या कुणीच सांगितलं नाही. "आता त्याचं करिअर कशाला बरबाद करायचं" असं आमचं ठरलं, म्हणजे न बोलता ठरलं.

२०२२ च्या त्याच सरकारी अहवालात दारू किंवा अंमली पदार्थ घेऊन गाडी चालवल्यामुळे झालेले मृत्यू ४,२०१ आहेत. एकूणाच्या अडीच टक्के. वेगामुळे झालेले ७१ टक्के. हा अडीच टक्क्यांचा आकडा वाचला की मला त्या रात्रीचं टेबल आठवतं. एका अपघाताची नोंद एका रकान्यात जाते. पिऊन वेगात गेलेला माणूस वेगाच्या रकान्यात बसतो, कारण वेग रस्त्यावरच्या खुणांवरून दिसतो आणि दारू फक्त रक्तात दिसते, तीही लवकर घेतलेल्या. तासाला १५ मिलिग्रॅमची ती चाल आठवा. रक्त पाच तास उशिरा घेतलं तर ७५ मिलिग्रॅमचा पुरावा शरीराने आपोआप नष्ट केलेला असतो. त्यासाठी नमुना बदलायची, पैसे चारायची गरज नाही. नुसता उशीर पुरतो. कल्याणीनगरच्या प्रकरणातही पहिला नमुना कित्येक तासांनी घेतला गेला होता.

आणि जिथे रक्त नाही, तिथे साक्ष लागते. ती आमच्याकडे होती.

त्या मुलाचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी दोन एकर विकली. आई त्याच्याबरोबर वर्षभर हॉस्पिटलच्या आवारात राहिली. विम्याची केस चालली, काही पैसे मिळाले, केव्हा तर तिसऱ्या वर्षी. तो आता घरून डेटा एंट्रीची कामं करतो. आमच्यापेक्षा हुशार होता. चालवणारा बंगळूरला आहे, मी पुण्यात आहे. आम्ही दोघं एकमेकांना वाढदिवसाला मेसेज करतो, त्याच्याबद्दल कधीच बोलत नाही. मी त्याला भेटायला आजवर दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याच्या आईने चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही सगळे बरे आहात ना?"

दारूच्या किमतीबद्दल बोलताना लोक दंडाचे आकडे सांगतात. मला हा प्रश्न आठवतो.

फाशी द्या म्हणणाऱ्यांना

दर मोठ्या अपघातानंतर एक लाट येते: कायदे कडक करा, आयुष्यभर आत टाका, फाशी द्या. मला ही मागणी पळवाट वाटते. शिक्षा एवढी मोठी मागायची की ती आपल्या घरापर्यंत येईल अशी शंकासुद्धा येऊ नये.

कायदा आहे. सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध करता आलं तर पालक सुटतो. आता "आठवीपासून चालवतोय आमचा पठ्ठ्या" हे वाक्य पुन्हा वाचा. भरल्या पंगतीत दिलेला हा कबुलीजबाब आहे, आणि साक्षीदार हसत होते.

मोठ्या शिक्षेची वाट बघणाऱ्यांनी कार्टर रोडही आठवावा. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालवणारा एकवीस वर्षांचा होता आणि प्यायलेला होता. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने ती जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. पाच वर्षांहून जास्त काळ. एवढ्या लांबच्या शिक्षेला टेबलावर बसलेला एकवीस वर्षांचा कुणी घाबरत नाही. तो घाबरतो पुढच्या चौकातल्या नाकाबंदीला. थर्टी फर्स्टला निम्मं पुणे रिक्षाने घरी जातं ते कायद्याच्या कलमांमुळे नाही, चौकाचौकात मशीन घेऊन उभ्या असलेल्या पोलिसांमुळे. तीच नाकाबंदी फेब्रुवारीतल्या साध्या शुक्रवारी का नसते, हा प्रश्न फाशीच्या मागणीपेक्षा उपयोगाचा आहे.

तसंच अपघातातल्या ड्रायव्हरचं रक्त ठरावीक वेळेत घेतलंच पाहिजे आणि उशीर झाला तर का झाला याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे, ही मागणी करायला हवी. लायसन्स टप्प्यांत द्या, एकविशीच्या आत शून्य मर्यादा ठेवा, ही दुसरी. जर्मनीत एकविशीच्या आतल्यांना आणि नव्या लायसन्सवाल्यांना शून्यच आहे. तिसरी मागणी बसची. इथे आईवडिलांची बाजू मला मान्य आहे. सकाळी सहाचा क्लास, बस येते की नाही भरवसा नाही, मुलीला अंधारात चालत कसं पाठवायचं? यावर अॅक्टिव्हा हे स्वस्तातलं उत्तर वाटतं. पण आपण सगळ्यांनी ते उत्तर एकेकट्याने विकत घेतलं म्हणून बस मागणारं कुणी उरलं नाही. जे पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तिथे आज सायकलवर पोराला पाठवायला भीती वाटते. कुणाची? त्याच्याच वर्गातल्या अॅक्टिव्हावाल्या पोरांची.

आणि एक मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. शुक्रवारी टेबलावरून उठताना कुणाच्या हातात किल्ली आहे ते बघा आणि ती काढून घ्या. भांडण होईल. "मला चढत नाही", "बायको आहेस का माझी", "घर इथेच तर आहे" हे सगळं ऐकावं लागेल. रिक्षाचे तीनशे रुपये तुम्ही भरा. दुसऱ्या दिवशी तो ओशाळेल किंवा महिनाभर बोलणार नाही. मी किल्ली काढून घेतली नाही, उलट दिली, आणि त्या मित्राशी मी आजही धड बोलू शकत नाही.

उंब्रजपर्यंत

मामा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईने मला फोनवर ऐकवलं, "मोठ्यांना चारचौघांत असं तोडतात का?" तिचंही बरोबर होतं, बाजूला घेऊन बोलायला हवं होतं.

डिसेंबरात पुन्हा कराडला गेलो. पोरगा स्वतःच आला. "दादा, अठरा झाल्यावर तू शिकवशील ना?" म्हटलं, आत्ताच सुरू करू. त्याचे डोळे चमकले. मी त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावायला सांगितला आणि हायवेला निघालो. त्याचं काम एवढंच: पुढे जे जे दिसेल ते कुठे जाणार, काय करणार, ते मोठ्याने सांगायचं. मी चालवणार, तो बोलणार.

ऊसतोडीचे दिवस होते. तासवड्याचा टोलनाका येईपर्यंत तो मजेत होता. "ट्रक डावीकडे येणार. ती बाई थांबणार. नाही, नाही थांबली." मग अंधार पडायला लागला आणि दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली उसाची जोडट्रॉली एकदम समोर उगवली. मला ती दिसली होती, वेग कमी केला होता. त्याला दिसली नव्हती. तो बोलायचा थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, मी चालवत असतो तर?"

मी काही बोललो नाही. उंब्रजला वळवून परत आलो. शेवटची दहा मिनिटं तो डोळे फाडून रस्त्याकडे बघत होता आणि एकेक गोष्ट सांगत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, "डोकं दुखायला लागलं रे."

मामा दारातच उभे होते. "काय, चालवली का?"

"नाही, पप्पा," तो म्हणाला. "नुसतं बघितलं."